देव्हारा गेला, आता मुलांना काय शिकवावयाचे?

(आष्टी, जि. वर्धा येथे नवदीक्षित कुटुंबांपुढे एका वकिलाने केलेले भाषण)



धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानांवर येतो, आणि तो बहुधा आयाच विचारतात. पूर्वी मूल खोटे बोलले, कोणाची वस्तू उचलून आणली, तर “देव डोळे फोडील” एवढे म्हणून भागत असे. आता देव्हारा घरातून गेला. मग मुलाला धाक कशाचा दाखवावयाचा? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दीक्षेच्या दिवशी आपण काय सोडले ते आपणांस नीट ठाऊक असते. पण सोडलेल्या गोष्टीच्या जागी काय ठेवावयाचे, याचा विचार घरी आल्यावर सुरू होतो, आणि लहान मूल असलेल्या घरात तो पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. तेव्हा जिने हा प्रश्न विचारला तिने दीक्षा गंभीरपणे घेतली आहे, असेच मी समजतो.

या प्रश्नाचे एक उत्तर काही घरांनी परस्पर शोधून काढले आहे, आणि ते मला मुळीच मान्य नाही. देव्हाऱ्याच्या जागी बाबासाहेबांची तसबीर लागली आणि “देव डोळे फोडील” याच्या जागी “बाबासाहेब रागावतील” हे वाक्य आले. ज्या पुरुषाने माणसाला भयातून सोडविण्यासाठी आयुष्य वेचले, त्यालाच आपण मुलांचा बागुलबुवा करणार काय? मूल सात-आठ वर्षांचे होते, आणि तसबीर काही रागावत नाही, हे त्याला एके दिवशी कळून चुकते. त्या दिवशी धाक तर जातोच, पण त्याच्याबरोबर आदरही जातो.

दुसरे उत्तर काठीचे. तेही जुनेच आहे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी एक गोष्ट स्पष्ट केली आहे : इतर धर्मांत ईश्वराची जी जागा आहे ती धम्मात नीतीची आहे. याचा घरगुती अर्थ काय, तो पाहू. वरून पाहणारा कोणी नसतानाही मनुष्याने नीट वागावे, अशी ही अपेक्षा आहे. भीती दाखवून ती पुरी होणार नाही. कारण भ्यालेले मूल फक्त एवढेच शिकते की कोणी पाहत नसताना करावे.

आपण विहारात पंचशील ग्रहण करतो तेव्हा ‘समादियामि’ असे म्हणतो. ‘मी ग्रहण करतो’ असा त्याचा अर्थ. क्रियापद प्रथम पुरुषी आहे. ‘तू करू नकोस’ असे त्यात कोठेही नाही, आणि कोणी कोणाला दिलेली आज्ञाही त्यात नाही. त्यातील ‘सिक्खापद’ हा शब्द तर सरळ शिकण्याचा, शिक्षणाच्या पायरीचा आहे. म्हणून आपल्या मुलाच्या वतीने आपण शील घेऊ शकत नाही. जे घ्यावयाचे ते आपले आपण, आणि मूल शेजारी बसून ते पाहत असते. मुलांना पाली गाथा पाठ करवून घ्या, त्यांना ते आवडते. पण गाथेचा अर्थ घरच्या बोलीत सांगितल्यावाचून पुढची गाथा घेऊ नका, एवढेच मी म्हणेन.

लहान मुलाला शील कसे शिकवावे, याचा नमुना खुद्द भगवान बुद्धांनी घालून दिला आहे, आणि तो परक्या मुलाच्या बाबतीत नाही. मज्झिम निकायात राहुलाला केलेला एक उपदेश आहे. अट्ठकथेच्या परंपरेप्रमाणे राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील दुसरीचा विद्यार्थी. भगवंत त्याच्याकडे गेले. त्याने पाय धुण्यास पाणी दिले. पाय धुऊन झाल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि राहुलाला विचारले, हे उरलेले पाणी दिसते ना? जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणपण एवढेच थोडे असते. मग ते पाणी ओतून टाकले आणि पुन्हा विचारले. मग भांडे पालथे केले. मग ते रिते भांडे उलटून दाखविले. प्रत्येक वेळी तीच गोष्ट : खोटे बोलणाऱ्याचे सत्त्व असे फेकले जाते, असे पालथे होते, असे रिकामे होते.

येथे काय केले गेले, ते पाहा. धाक नाही, नरकाचे वर्णन नाही, छडी नाही. समोरच्या भांड्यातले पाणी घेतले, आणि मुलाच्या डोळ्यांनी पाहून त्याच्या बुद्धीला कळेल एवढेच सांगितले. पुढे भगवंतांनी राहुलाला विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुलाने उत्तर दिले. तसेच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर तिच्याकडे पाहावे. तिने मला दुःख होते काय, दुसऱ्याला होते काय, दोघांना होते काय? आणि वाईट कृती हातून घडून गेलीच तर काय करावे? आपल्या गुरूजवळ किंवा जाणत्या सोबत्याजवळ ती उघड करावी आणि पुढे जपावे. शिक्षेचा शब्द त्यात नाही. वकिलाची नजर अशा जागी थांबतेच, म्हणून मी हे मुद्दाम सांगतो.

सम्राट अशोकाला हा उपदेश इतका मोलाचा वाटला की राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या आपल्या लेखात त्याने भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकाव्यात अशा सात धम्मवचनांची नावे कोरविली, आणि त्यांतील शेवटचे हेच, खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेल्या उपदेशाचे आहे. उपासकांनीही ऐकावे असे त्याने लिहिले. आपण उपासक आहोत.

आता आपल्या घरांकडे वळू. मुलांना खोटे बोलण्याचे शिक्षण कोठे मिळते, असे मला कोणी विचारले तर मी शाळेचे नाव घेणार नाही, शेजाऱ्याच्या मुलाचेही घेणार नाही. बचत गटाच्या हप्त्यासाठी किंवा किराण्याच्या उधारीसाठी दारात कोणी उभा राहतो. आपण आतल्या खोलीत असतो आणि पाच वर्षांच्या मुलाला पुढे पाठवितो : “सांग, बाबा वावरात गेले.” फोन वाजला तर मुलाच्या हाती देतो : “म्हण, बाबा झोपले आहेत.” मूल जाते, सांगते, परत येते, आणि आपण त्याच्या पाठीवरून हात फिरवितो. बंधूंनो, त्या दिवशी त्याला मुसावादाचा धडा मिळाला, आणि बक्षीसही मिळाले. उधारी असणे हा गुन्हा नव्हे. कपाशीचे पैसे हाती यावयाचे असतील तर घरात पैसे नसतातच. दारात जाऊन “पैसे नाहीत, पुढल्या महिन्यात देतो” असे म्हणण्यास जड जाते, हे मला कळते. पण ते मुलादेखत म्हणणाऱ्या बापाला सत्यावर निराळे प्रवचन द्यावे लागत नाही.

दुसरी गोष्ट दारूची, आणि ती बोलताना आपल्या जिल्ह्याचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. वर्धा हा गांधींच्या वास्तव्याचा जिल्हा म्हणून १९७०च्या दशकापासून येथे दारूबंदी आहे. दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू मिळते हे लहान पोरालाही ठाऊक आहे. दुःख असे की ती कोठे मिळते हेही पुष्कळदा लहान पोरालाच ठाऊक असते, कारण आणावयास त्यालाच पाठविलेले असते. लहान मुलावर कोणी संशय घेत नाही, म्हणून बाटली त्याच्या दप्तरात जाते. इतर जिल्ह्यांत बापाचे व्यसन मुलाला एकच शील मोडावयास शिकवीत असेल; येथे ते दोन शिकविते. पाचवे बाप मोडतो आणि चौथे मुलाकडून मोडवून घेतो, कारण ‘कोणी विचारले तर सांगू नको’ ही ताकीद बाटलीबरोबरच दिली जाते. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती आपण मोठ्याने म्हटली आहे, आणि मुलाने ती ऐकली आहे.

कायद्याचेही येथे सांगून ठेवतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ प्रमाणे बालकाला मादक द्रव्य किंवा दारू देणे, आणि कलम ७८ प्रमाणे दारू विकण्यास, नेण्या-आणण्यास किंवा पुरविण्यास बालकाचा उपयोग करणे, हे सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचे आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचे अपराध आहेत. या कलमांत ‘आईबाप सोडून’ असे शब्द नाहीत.

आता मारण्याविषयी. हा संत्र्यांचा मुलूख आहे. शाळेतून येताना एखादे पोर दुसऱ्याच्या बागेत शिरते आणि दोन संत्री घेऊन घरी येते. आई विचारते, कोठून आणलीस? ते खरे सांगते, कारण या वयात खरे सांगणे हीच त्याची रीत असते. खरे सांगताच त्याच्या पाठीत धपाटा बसतो. आईचा हेतू चोरी न करण्याचे शिकविण्याचा असतो. पोर मात्र निराळेच शिकते. धपाटा बागेत शिरताना बसला नाही, तो खरे बोलल्यावर बसला. पुढच्या वेळी ते संत्री रस्त्यातच खाईल आणि साली धुऱ्यापलीकडे टाकील. अदिन्नादानाचे शील शिकविता शिकविता आपण मुसावादाचे शील मोडावयास शिकविले, असा हा व्यवहार होतो. मग काय करावे? मुलाला घेऊन त्या बागेत जावे. संत्री परत द्यावीत, किंवा त्यांचे पैसे द्यावेत. बागवाल्याशी मोठ्या माणसाने बोलावे, मुलाने शेजारी उभे राहावे. अर्धा तास जातो, मजुरीवरून थकून आलेल्या बाईला तो अर्धा तास काढणे सोपे नाही, आणि धपाटा अर्ध्या क्षणात होतो, हे सर्व मान्य करूनही मी हेच सांगेन.

सोळा ऑगस्ट १९४२ रोजी याच आष्टीत पोलीस ठाण्यापुढे लोक गोळ्यांना सामोरे गेले, आणि त्यावरून हे गाव आष्टी शहीद म्हणून ओळखले जाते. दर ऑगस्टमध्ये आपली मुले ती हकीकत शाळेत ऐकतात आणि निर्भय व्हावे असा उपदेश घेऊन घरी येतात. त्या घरात खरे बोलण्यासही त्यांना भ्यावे लागत असेल, तर शाळेतला तो उपदेश उंबऱ्यावरच गळून पडतो. शाळेत मुलाला मारण्यास शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने मनाई केली आहे, मानसिक छळासही केली आहे. मास्तरांना जे वर्ज्य झाले ते घरात धर्म समजून चालू राहावे, हे विचित्र नाही काय?

आणखी एक कायदा सांगतो. न्यायालयात साक्षीदाराला शपथ देतात. पण १९६९ च्या शपथ अधिनियमात एक अपवाद आहे : बारा वर्षांखालील मूल साक्षीला आले, आणि खरे बोलणे हे आपले कर्तव्य आहे एवढे त्याला समजते पण शपथ म्हणजे काय ते समजत नाही, असे न्यायालयाला वाटले, तर त्याची साक्ष शपथेवाचून घेता येते. याचा अर्थ असा की देवाचे नाव घेतल्याशिवायही लहान मुलाला सत्याचे कर्तव्य कळू शकते, हे विधिमंडळाने गृहीत धरले आहे. देव्हारा गेला म्हणून चिंता करणाऱ्या माउलीला याहून मोठा दिलासा मी कोणता देऊ?

लहान मुले कुत्र्याच्या पिलाला दगड मारतात, चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवितात, सरड्यामागे लागतात. यात दुष्टपणा नसतो, दुसऱ्याच्या दुखण्याची कल्पनाच नसते. श्रावस्तीच्या वाटेवर काही मुले मासोळ्यांना छळताना भगवंतांना दिसली, असा प्रसंग उदानात आहे. त्यांनी मुलांना रागे भरले नाही. तुम्हाला दुखण्याची भीती वाटते का, दुखलेले आवडते का, एवढे विचारले. मुलांनी कबूल केले की भीती वाटते, दुखलेले आवडत नाही. पुढे सांगावयाचे ते या कबुलीवर उभे राहिले. आपण प्रश्न न विचारताच उत्तर देतो, आणि तेही हाताने देतो.

प्रश्न विचारण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मुलांनी आपल्याला प्रश्न विचारावेत, हे पुष्कळ बापांना खपत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या वडिलांची आठवण सांगितली आहे. सुभेदार रामजी कबीरपंथी, शिस्तीचे कडक. मुलांकडून रोज रामायण-महाभारत वाचून घेत. भीमरावांनी त्यांना विचारले, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगितली आहे ते आम्ही का वाचावयाचे? वडिलांना हा प्रश्न आवडला नाही. आपण अस्पृश्य आहोत, मुलांच्या मनात न्यूनगंड राहू नये, लहान स्थितीतील माणसे केवढी चढली ते त्यांना कळावे, म्हणून वाचावयाचे, असे त्यांनी सांगितले आणि द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांची उदाहरणे दिली. मुलाचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्याने एकेका पात्रावर आक्षेप घेतले. रामजी निरुत्तर झाले, तरी मुलाचे तोंड बंद केले नाही. त्याच मुलाच्या मॅट्रिकच्या यशाबद्दल सभा झाली, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ते वर्ष १९०७. ज्याला घरात ‘का’ म्हणावयास मिळाले नसते त्याने ते पुस्तक कसे वाचले असते, याचा विचार तुम्हीच करा. आपली मुले ‘देव का काढले?’, ‘शेजारी पूजेला का जावयाचे नाही?’ असे विचारतील. गप्प बस म्हणू नका. उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा, आणि दोघे मिळून शोधा.

आता शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मूल पहिलीत घालताना अर्जात धर्म आणि जात लिहावी लागते. घरात त्रिशरण, आणि कागदावर ‘हिंदू’, अशी पुष्कळ कुटुंबांची स्थिती आहे. याचा इतिहास समजून घ्या, म्हणजे आपण कोणाला दोष देणार नाही. अनुसूचित जातींचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश मुळात हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली, पण बौद्धांची भर मात्र पडली नाही. महाराष्ट्राने आपल्या अखत्यारीतील सवलती १९६०च्या सुमारास नवबौद्धांना दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी १९९० ची दुरुस्ती व्हावी लागली. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या वाडवडिलांपुढे एका बाजूला मुलाची शिष्यवृत्ती आणि दुसऱ्या बाजूला धर्माचे नाव, अशी निवड ठेवलेली होती. त्यांनी पोटासाठी जे लिहिले त्याचा न्याय करावयास मी बसलेलो नाही.

पण १९९० नंतर ती सक्ती उरलेली नाही. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या मनुष्याचा अनुसूचित जातीचा हक्क बौद्ध म्हणवून घेतल्याने जात नाही. ‘बौद्ध लिहिले तर दाखला मिळणार नाही’ ही भीती अजून गावोगाव सांगितली जाते, ती कायद्याला धरून नाही. (इतर मागासवर्गातून किंवा अन्य समाजांतून धम्मात आलेल्यांचा प्रश्न निराळा आहे, त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी स्वतंत्र सल्ला घ्यावा.) दाखल्यासाठी पुरावा लागतो तो मूळ जातीचा, आणि तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा असावा लागतो : आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद, जुना महसुली कागद. तो पुरावा जात सांगेल, तुमचा अर्ज धर्म सांगेल. दोन्ही खरे आहेत आणि एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

हे मी मुलांच्या शीलाच्या व्याख्यानात का आणले? कारण हा कागद मूल कधी तरी वाचते. दहा-अकराव्या वर्षी स्वतःचा दाखला हाती येतो, आणि ते विचारते, बाबा, आपण कोण? आपण भांड्यातल्या पाण्याची गोष्ट ज्याला सांगितली तोच हा प्रश्न विचारतो. वर्गात कोणी जातीवरून बोलले, आडनावावरून हसले, तर आडनाव लपवावयास शिकवू नका. घडले ते घरी येऊन जसेच्या तसे सांगावयास शिकवा, आणि मग शाळेत जाऊन बोलणे हे आपले काम समजा.

ज्यांच्या घरी येत्या जूनमध्ये पहिलीत जाणारे मूल आहे त्यांनी हा उन्हाळा वाया घालवू नये. आजोबांचा शाळेचा दाखला पेटीत असेल तर काढून ठेवा. नसेल तर ज्या गावी ते शिकले त्या शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत शोध घ्या. ज्यांच्या मुलांच्या नोंदीत पूर्वी दुसरे काही लिहिले गेले आहे, त्यांनी दुरुस्तीचा अर्ज मूल त्या शाळेत असतानाच करावा. शाळा सुटल्यावर ते काम फार कठीण होऊन बसते. अर्ज लिहिताना मुलाला शेजारी बसू द्या. काय लिहिता, असे त्याने विचारलेच तर वाचून दाखवा.

जय भीम!